पहिल्या जाहिरातीआधी

हॉलिवूडशेजारच्या बरबँकला दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत व्हर्ना मासिकाआड तोंड लपवून बसली होती. शेजारच्या दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या.

“अगं, ती टीव्हीवरची नटी! पहिल्या जाहिरातीआधीच जिचा खून होतो.”

“दर आठवड्याला नव्या मालिकेत मरते, तीच ना?”

“तीच. पण किंकाळी काय फोडते! आमचा कुत्रा पलंगाखाली घुसतो.”

“हल्ली दिसत नाही. गेली वाटतं बिचारी.”

“काहीतरीच! एवढ्या वेळा मरून पुरून उरलीय, अशी कशी जाईल?”

“गेली म्हणते ना मी!”

नर्सनं हाक मारली. व्हर्ना आत जाऊन खुर्चीत बसली. डॉक्टरांनी अजून हत्यारही उचललं नव्हतं, तोच तिनं आपली ठेवणीतली किंकाळी फोडली.

बाहेर टाळी वाजली.

“ऐकलंस? चांगली ठणठणीत आहे!”