काट कोनी दिली?

नाय नाय दादा, तुमी पयलं बसा, मंग विचारा — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, हिच्यावर बसा. टोपी काढा की, पंखा लावतो. नको? बरं, राहूद्या. तर काय विचारलंत — ह्या कॉम्प्युटरवरच्या पोकरचे पत्ते सरळ वाटतात का? अख्ख्या मुरबाडात हे विचारनारे तुमी दुसरे! पयला कोन, सांगू? वैशाखरे गावचा कुंडलिक. त्याची गंमत ऐका, तुमचं उत्तर आपोआप भेटंल. — बाबा, चहा येतोय रे! — बाप माझा, बाहेर बाकड्यावर बसलाय तो. कान पार गेलेत, मी उगाच ओरडतो. चहाचा वास मात्र बरोबर लागतो त्याला, लगेच आत येतो.

तर कुंडलिक. मिशी काय मिशी — दोन्ही टोकांना पीळ, वर तेल. तुमच्यासारखं सफाचट नाय, तुमी कल्यानकडचे दिसता. गोकुळाष्टमीला गावात डाव बसला की ह्याच्याशिवाय दुसरा कोन पत्ते पिसायचा नाय, एवढा मान. हितं आला पोरीचा दहावीचा निकाल बघायला. पोरगी पास झाली, हा खुश. आता गपगुमान घरी जावं की नाय? नाय. पोरांच्या मागं उभा राहिला. पोरं पोकर खेळत होती — फुकटच्या चिप्सवर हां, नुसते खोटे आकडे — आन हा बघतो, बघतो, एकदम बोल्ला, "काट कोनी दिली?" म्हनलं, कसली काट रे? तर म्हने, "पिसले कोनी ते दिसलं नाय. बरं, यंत्रानं पिसले. पन गड्डी मधून काटली कोनी? पिसनारानं काटू नये, आन न काटलेला पत्ता उचलू नये." आयला! पोरं हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी. यंत्राच्या शेजारी आता मानूस बसवा काटायला! मी समजावलं हो. म्हनलं, लांब कुठंतरी मोठा कॉम्प्युटर असतो, त्याला तू कुंडलिक कोन आन मी कमळाकर कोन, काय ठावं? त्याला ना सोयरा ना वैरी. तो आकडे घुसळतो आन पडंल तो पत्ता देतो. मानूस लबाडी करील, यंत्र नाय करनार. तर हा मान हलवतो. "सरळ असतं तर काटू दिलं असतं." चारचौघांत! माझ्याच दुकानात!

मंग मला पन चेव आला. म्हनलं, बस. तू त्या केबिनमध्ये, मी हितं काउंटरवर, दोघांचंच टेबल लावू. ज्याच्या चिप्स संपतील त्याची मिशी उतरवायची. आता आपल्याकडं मिशी कवा उतरवतात, तुमाला काय सांगायला पायजे? बाप गेला की. तोवर वस्तरा ओठाला लागत नाय. आन ह्याचा बाप, सावळाराम म्हातारा, जिता. कुंडलिक मागं सरला. "बाप हाय माझा, ही पैज नको." म्हनलं, मंग मिशी कशाला वाढवलीस? पदर घे डोक्यावर, जा चुलीपुढं बस. सगळी खी खी करून हसली. भडकला ना! मानसाला असं बोल्लं की बसतोच. पन बसताना अट घातली बेट्यानं — "हरलो तर माझी उतरव. पन लबाडी निघाली, तर कवापन निघूदे, मिशी तुझी. घे बापाची शपथ." घेतली की. बाहेर जाऊन बाबाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, सगळ्यांदेखत. बाबाला वाटलं पोरगा डोक्याला तेल लावतोय. बरा खुश झाला.

आन काटायचं काय केलं ते ऐका, ते राहिलंच. म्हनलं, कुंडलिका, हे खालचं लांब बटन दाबलं की काट पडते. कसली काट नि कसलं काय, त्या बटनानं काय सुदीक होत नाय! पन हा दर डावाला हात जोडायचा, डोळे मिटायचा आन टक् करून दाबायचा. बाहेर गर्दी, काचेला नाकं लावून. म्हनलं, नीट काट रे, नायतर तुझा पत्ता शेजारनीला जाईल! अजून पोट दुखतं माझं. खेळला मात्र बरा, खोटं कशाला बोलू. पत्ते पन त्याला चांगले आले. राजांची जोडी आली, मी लगेच पत्ते टाकले. हातात काय नसताना उगाच दम द्यायला लागला, मी तिथंच दाबला. घामाघूम झाला. "ह्याला कळतं कसं?" म्हनतो. कसं म्हंजे? हे बघा — या हिकडं, बघा — ह्या काउंटरवर सगळ्या केबिनींचे स्क्रीन दिसतात. पोरं भलतंसलतं बघतात म्हनून टाकून घेतलंय. तुमचा पन दिसतो… तुमी तर काय लावलंच नाय अजून. पन पत्ते एकदम सरळ होते बरं का! यंत्रानं काय केलं? काय नाय केलं. मला नुसते दिसत होते. आता दिसतं तर डोळे मिटून बसू?

न्हाव्याला हितंच बोलावला, दारात. धसईच्या भाजीवाल्या टोपल्या सोडून बघायला आल्या. कुंडलिक रडला नाय. खाली बघून एवढंच बोल्ला, "अर्धी तरी ठेव रे." अर्धी! म्हनलं, अर्धाच मेलाय का बाप तुझा?

हसा की दादा. नाय हसत तुमी. बरं, खरी मजा तर पुढं हाय, दूधवाल्यानं सांगितली. हा तोंडाला टॉवेल गुंडाळून घरात शिरत होता. म्हातारा डोळ्यांनी अधू, पडवीत बसलेला. जवळ बोलावलं, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, लागलं सगळं गुळगुळीत. तर काय बोलावं म्हाताऱ्यानं? "मी कवा मेलो रे?" आन जेवनच सोडलं. सून भाकर घेऊन गेली तर म्हने, "मेलेल्याला भाकर नसते गो, कावळ्याला ठेव." काय नाटकी म्हातारा! अजून बसला असंल तोंड फिरवून. हट्टीच खानदान, एकेक—

बघा, शेवटी काढलीत ना टोपी. मी म्हनत होतो, उकडतंय… आँ? डोकं पन? हे तर ताजंच भादरलंय. कोन गेलं दादा? वडील? अरेरे. कुठले तुमी? मी मघापासून विचारलंच नाय बघा. कल्यान ना?

वैशाखरे?

म्हंजे कुंडलिकचे… भाऊ? धाकटे?

हे बघा, वय झालं होतं म्हाताऱ्याचं. मी काय भाकर काढून घेतली का त्याच्या तोंडातली? पत्ते सरळ होते, कोनालापन विचारा. खिशातून काय काढताय? वस्तरा? तो ठेवा, ठेवा आत. लबाडी कोन बोल्लं? मी? मीच बोल्लो, हां, पन ती गंमत होती. शपथ पन गंमत. अहो, माझा बाप जिता हाय, तो काय समोर बसलाय! उठा तुमी, टाइम संपला तुमचा, दुकान बंद करायचंय मला. हात सोडा. दादा, पाया पडतो, त्याच्यादेखत नको.

बाबा, आत नको येऊ. चहा नाय आला अजून. बाबा, थांब तिथंच — अरे, ऐकू येत नाय हो त्याला, कोनीतरी थांबवा त्याला, बाबा—