दुसरी फुली

— ढगाळ होतं हो त्या दिवशी. पाऊस नाही, वारा नाही, नुसता उकाडा. पत्र्याच्या खोलीत तर सदरा अंगाला चिकटलेला. पत्र्याची खोली म्हणजे आमची तपासणीची — दार लावलं की बाहेरचा रेडिओ आत बोलत नाही. चहा घ्या, निवतोय. तर तुम्ही यंत्र घेणाऱ्यांकडून आलात, तुम्हाला मी काय सांगायचं — तुमचं ते श्वासाचं यंत्र दोन तऱ्हेच्या विजेवर चालणारं, मग दोन्हींवर तपासायला नको? एकदा दोनशेतीस व्होल्ट, पन्नास हर्ट्झ. एकदा एकशेवीस, साठ. एकीवर गाय असणारं यंत्र दुसरीवर शिंगं उगारतं — शेजारच्या यंत्रांना छळतं. मला अक्षर येत नाही, आकडे येतात. वीज बदलायची ती मूठ बावीस वर्षं मीच फिरवली.

तिथला साहेब? माझा भाचा तो, सख्ख्या बहिणीचा. मीच तिथं चिकटवला त्याला. त्या दिवशी दोनशेतीसवर यंत्र शांत. मी मूठ एकशेवीसवर आणली — आणि पडद्यावरची त्रासाची रेघ गेली की मर्यादेच्या लाल खुणेच्या वर! म्हटलं, "अरे, बघ जरा." तर म्हणतो, "मामा, मूठ मागे घ्या. एकीवर झालं, बास. माल उद्या जायचाय." मग कागद पुढं केला, बोट ठेवलं — "इथं सहीची फुली मारा. आता इथं." मी मारली. दुसरी फुली एकशेवीसच्या आकड्यापुढची, ते मला ठाऊक होतं हो — तेवढं लिहू नका... नाही, लिहा.

आता तुमच्या त्या परदेशातल्या, एकशेवीसच्या विजेवरच्या रुग्णालयात त्या यंत्राशेजारच्या खाटेवर छातीचे ठोके चुकीचे दिसायला लागले. दगावलं नाही ना कुणी? — बरं. आणि हा लिहून देतो काय, तर म्हाताऱ्यानं मूठच चुकीची लावली! मी? अहो, शाळा नाही माझ्यापाशी, पण हात आहे ना! तरी रागावलो नाही. वाटलं, घाबरलं असेल लेकरू, येईल भेटायला. आला की काल — गल्लीत आला. माझ्या दारात नाही, शेजारी शिंप्याकडे.

चला, उठा आता, झालं माझं सांगून. तुम्ही त्या शिंप्यालाही विचारणार असाल, विचारा. भला माणूस आहे. सकाळी सुईत दोरा ओवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, तुमचा भाचा सांगून गेलाय — मामाला हल्ली काही आठवत नाही, कुणी चौकशीला आलं तर तुम्हीही तसंच म्हणा."