आर्डिसने चालू केलेलं मशीन

ओहायोतल्या आमच्या गावी पात्यांना धार लावून देणारं एकच दुकान आहे. तिथल्या रांगेत माझ्यापुढे दोघं म्हातारी बहीणभाऊ उभी होती. बहिणीच्या, आर्डिसच्या, हातात कागदात गुंडाळलेलं करवतीचं गोल पातं होतं.

“बाबांचं करवतीचं मशीन चालू केलंस म्हणे.”

“केलं की, वर्लिन. वर्ष गेलं त्यात. गंज रॉकेलने घासून काढला, बेअरिंग बदलली, पट्टा नवा घातला. आता त्याच्या लोखंडी टेबलात तोंड दिसतं.”

“पण आर्डिस, बाबांनी ते मला दिलं होतं.”

“दिलं तेव्हा चालत होतं. तू पंधरा वर्षं गोठ्यात टाकून ठेवलंस. कोंबड्या बसायच्या त्याच्यावर, म्हणून मी उचलून नेलं.”

“वेळच मिळाला नाही गं.”

“पंधरा वर्षांत?”

“खरं सांगू? मला भीती वाटायची त्याची. ते सुरू झालं की मी डोळे मिटून घ्यायचो.”

“ठाऊक आहे. मी बाबांच्या शेडच्या दारातून बघायचे ना! मला आत यायची बंदी आणि तुला बाहेर पडायची.”

“मग बाबांना बोलली का नाहीस?”

“बोलले होते. म्हटलं, त्याला सोडा, मला शिकवा. तर म्हणाले, हे मुलींचं काम नाही.”

वर्लिनने तिच्या हातातलं पातं स्वतःकडे घेतलं.

“लांब फळ्या एकटीच कापतेस?”

“एकटीच.”

“पलीकडून धरायला येऊ?”

“शनिवारी ये. पण बटण मी दाबणार.”

“तूच दाब बाई.”

“आणि डोळे उघडे ठेवायचे.”