काळी, कसदार आणि साध्या घरची

मंडळी, ऐका! मागं खांबाला टेकलेले — तुम्हीसुद्धा! झोपायचं तर घरी गादी आहे. इथं आलात ना? मग कान इकडं द्या.

आज एकच विचारतो. ज्याला चांगल्याची पारख आहे, तो माणूस चांगला असतोच का?

पुढची रांग माना डोलावते — "असतोच की, बुवा!" बरं! गाणं कळतं, अत्तर कळतं, आंबा नुसता हुंगून सांगतो की पेटीतला कुठला आधी पिकेल — अशा माणसाला आपण काय म्हणतो? रसिक! आणि एकदा रसिक म्हटलं की त्याला सगळं माफ. मग तो बायकोशी वसकन बोलला तरी आपण म्हणणार, कलंदर आहे हो!

तर अशाच एका रसिकाची कथा सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो — मला या गृहस्थाचा राग आहे. आख्यान सांगणाऱ्यानं राग धरू नये म्हणतात. धरला! काय करणार?

कोल्हापुरात एक भय्यासाहेब सरनोबत. फौंड्रीचे मालक. अंगावर परीटघडीचा सदरा, बोटात खडा, आणि खिशात — काय असेल? जपमाळ? छे! सिगार!

हसू नका. साधीसुधी सिगार नव्हे. कुणा दोस्ताकरवी निकाराग्वाहून पेटी मागवलेली. निकाराग्वा कुठं आलं, ते मला विचारू नका — मी आजऱ्याच्या पुढं गेलेलो नाही. आणि भय्यासाहेबांचा तोरा कशाचा, माहीत आहे? महागडी असल्याचा नाही! उलट स्वस्त असल्याचा! "सिगारच्या बड्या घराचं नाव बघून तर कुणीही घेतो हो," म्हणायचे, "साध्या किमतीत अस्सल माल शोधायला नजर लागते!" श्रीमंताला स्वस्ताईचा गर्व झाला ना, की त्याच्यासारखा गर्व नाही.

तर हे भय्यासाहेब एका रविवारी सकाळी गडहिंग्लजला आले. कशाला? मुलगी बघायला. मुलगा ऋतुराज बरोबर, आणि बहिणीचे यजमान — दाजी — बरोबर.

मुलीचे वडील बळवंतराव हुक्केरीकर. एसटीतून निवृत्त झालेले. आडनाव हुक्केरीकर, पण हुक्का सोडा, या माणसाला उदबत्तीच्या धुरानं ठसका लागायचा! मुलगी हर्षदा. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. रंगानं सावळी — सावळी कशाला, सरळ बोलू — काळी. अंगानं थोराड. बोलायला फटकळ. आणि वर्गात उभी राहिली की शेवटच्या बाकावरची टारगट पोरंसुद्धा वही उघडतात, अशी!

आता हिला आधी स्थळं आली नव्हती का? आली! पोहे खाऊन गेली. "मुलगी हुशार आहे हो, पण…" या 'पण'च्या पुढं कुणी काही बोलायचं नाही. बोलायची गरजच काय? हर्षदानं वडिलांना सांगून टाकलं होतं, "दादा, ही शेवटची बशी. यानंतर मी पोहे घेऊन कुणापुढं येणार नाही."

पण मंडळी, या खेपेला तिलाही वाटत होतं, जमावं. हा ऋतुराज तिला मावसबहिणीच्या लग्नात भेटलेला. मग फोनवर बोलणं व्हायचं. बोलायला गोड, हसायला मोकळा. तिनं नवी साडी घेतली होती. कधी नव्हे ती आरशापुढं दोनदा उभी राहिली. आईनं ते पाहिलं.

बघण्याचा कार्यक्रम काय सांगू! हर्षदा बशी घेऊन आली. भय्यासाहेबांनी तोंडाकडं एक नजर टाकली — टाकली म्हणजे टाकलीच, गुरापुढं पेंढी टाकावी तशी! "शिक्षण? … अस्सं. नोकरी? … अस्सं. पोह्यात लिंबू आहे का?" संपलं! काडेपेटीतली काडी ओढायला याहून जास्त वेळ लागतो. ऋतुराज मोबाईलमध्ये मान घालून बसलेला. फोनवर एवढा बोलणारा गडी, बापापुढं दातखीळ बसलेली!

आणि भय्यासाहेब उठले. "आम्ही जरा परसात बसतो. दाजी, चला." परसात शेवग्याखाली दोन खुर्च्या, आणि तिथंच वर स्वयंपाकघराची खिडकी.

आता बघा हं! मघाचा माणूस आणि आताचा माणूस — ओळखू येणार नाही! सिगार खिशातून काढली. आधी नुसती बोटांत फिरवली. हलकेच दाबून पाहिली — कुठं पोकळ नाही ना? वरचं पान उन्हात धरून शिरा बघितल्या. नाकाशी नेली, डोळे मिटले. टोक कापलं, आणि न पेटवता एक झुरका — नुसत्या पानाची चव! मग काडी दुरून फिरवत कडा शेकली. एकदम जाळ लावायचा नाही म्हणे, बिचारीला चटका बसतो! धूर आत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा, सोडायचा, आणि थांबायचं. गाभाऱ्यात पुजारीसुद्धा एवढ्या सोवळ्यानं वागत नाही, मंडळी! ओढा म्हणून सांगत नाही मी, ओढाल तर खोकाल. पण माणसाचं लक्ष कसं असावं, ते त्या घटकेला भय्यासाहेबांकडून शिकावं.

आत स्वयंपाकघरात धूर आला. हर्षदाची कुसुमआत्या खिडकी लावायला गेली. हात कडीवर — आणि तिथंच थबकली. बाहेर भय्यासाहेब बोलत होते.

आता इथं आपल्या मराठीनं घोटाळा केला! अहो, आपल्या भाषेत सिगार कोण? ती सिगार! बाईमाणूस!

भय्यासाहेब म्हणतात, "रंग बघा, दाजी. काळी! पण काय तुकतुकी आहे! या रंगालाच किंमत. फिकट रंगाला भुलणारे बावळट असतात."

दाजी म्हणतात, "अंगानं जरा भरलेलीच दिसते की."

"तेच तर! मिळमिळीत काय कामाची? हिच्यात कस आहे, कस! आणि घर साधं. बडं नाव नाही मागं. पण नाववाल्या चार जणी हिच्या शेजारी ठेवा, फिक्या पडतील!"

"पण सुरुवातीला तिखट वाटते, भय्यासाहेब."

"वाटणारच! म्हणून टाकून द्यायची? धीर धरायचा, दाजी! हळूहळू खुलते ही. आधी मिरी, मग कॉफीचा कडवटपणा, आणि —"

पुढचं ऐकायला आत्या तिथं होती कुठं? ती पदर सावरत आत पळाली! "वहिनी! अगं हर्षदा! अगं काय कौतुक करतायत तुझं! काळी आहे पण तुकतुकी बघा म्हणाले! फिकट रंगाला भुलणारे बावळट म्हणाले!"

आई म्हणाली, "अहो वन्सं, खरंच?"

"देवाशप्पथ! साधं घर आहे म्हणाले, पण पोरीत कस आहे म्हणाले! तिखट आहे म्हणे, पण धीर धरला की खुलते!"

आईनं डोळ्यांना पदर लावला. बळवंतराव दारात येऊन उभे राहिले. आणि हर्षदा? वर्गाला गप्प करणारी हर्षदा ओट्याला टेकून रडली! आपल्या रंगाबद्दल चांगला शब्द तिनं जन्मात कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मघाशी या माणसानं बघितलंसुद्धा नाही असं वाटलं, आणि एवढं सगळं बघितलं होतं! वाईट वाटलं तिला, मनात त्यांना नावं ठेवल्याचं.

आत्यानं साखरेची वाटी घेतली आणि थेट परसात! मागं हर्षदा, आईवडील, गडबड ऐकून ऋतुराजही. भय्यासाहेबांच्या हातात सिगार, आणि आत्यानं तोंडात साखर कोंबली! "तोंड गोड करा, व्याहीबुवा!"

"अहो — हे कशाबद्दल?"

"आता लाजताय काय! ऐकलं आम्ही. काळी पण कसदार, साध्या घरची, हळूहळू खुलते —"

दाजींना हसू आवरेना. भय्यासाहेब तर खो-खो हसले. "अहो बाई! ते मी या सिगारबद्दल बोलत होतो!"

हसतोय काय, ए! हसायचं काय त्यात? तिथं तो हसला, इथं तुम्ही हसता!

आत्याच्या हातातली वाटी कलंडली. बळवंतरावांनी चाचरत विचारलं, "आणि… मुलीबद्दल?"

भय्यासाहेबांनी राख झटकली. "मुलगी चांगली आहे हो. पण… रंग जरा… आणि अंगानंही… बघू. घरी जाऊन कळवतो."

कळवतो! मंडळी, आपल्याकडं या शब्दाचा अर्थ कोशात बघावा लागत नाही. ज्यांच्या घरी लेक आहे, त्यांना ठाऊक आहे. 'कळवतो' म्हणणाऱ्यानं आजवर कुणाला काही कळवलेलं नाही!

बळवंतरावांची मान खाली गेली. हर्षदानं आधी ऋतुराजकडं पाहिलं. तिला वाटलं, आता तरी हा एक शब्द बोलेल. त्यानं काय करावं? मोबाईलची काच सदऱ्याला पुसली! ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं — आणि म्हणे लग्नाचा!

मग ती पुढं झाली. डोळे कोरडे. म्हणाली, "काका, कौतुक दुसऱ्याचं होतं, पण एक शब्द खोटा नव्हता. काळ्या रंगाची तुकतुकी तुम्हाला दिसते. साध्या घरातही कस असतो, हे तुम्हाला पटतं. तिखट लागलं म्हणून टाकायचं नसतं, हेही कळतं. अडाणी माणूस असता, तर मी सोडून दिलं असतं. तुम्हाला सगळं कळतं, काका. मग मला बघताना कुठं गेलं होतं ते?"

"अगं पोरी, ती वस्तू वेगळी. तिची गोष्ट —"

"वेगळी आहेच. तिची तासाभरात राख होणार, तर तिला एवढा वेळ दिलात. मी जन्मभरासाठी येणार होते."

बळवंतराव — सगळा जन्म साहेबांपुढं वाकण्यात घालवलेला माणूस — त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "पाहुणे, कळवायची तसदी घेऊ नका. आम्हाला पसंत नाही." आणि परसाचं फाटक स्वतः उघडून धरलं.

मोटारीत बसल्यावर भय्यासाहेबांनी पाहिलं — सिगार विझलेली. पुन्हा पेटवली. आता विझून गार पडलेली सिगार पेटवली की कडू लागते, हे त्या पंथातले सगळे जाणतात. पहिल्याच झुरक्याला तोंड वाकडं! "थू! कडू झाली," म्हणाले, आणि खिडकीतून फेकली. पारखी माणूस! काय कडू झालं, तेवढं मात्र बरोबर कळलं!

आता सांगा, मघाशी मान डोलावणारे कुठं आहेत? पारख असली की माणूस चांगला, म्हणत होतात ना? अहो, पारख त्याच्याकडं भरपूर होती! वस्तूवर उधळली आणि माणसापाशी आल्यावर हात आखडला. याला रसिक म्हणता? मी याला कंजूष म्हणतो!

आणि तुम्ही काय वेगळे? ए पुढच्या रांगेतले! दुपारी जेवून आलात ना? आमटीला मीठ कमी होतं, ते सांगाल. वाढणारीचा चेहरा कसा होता? थकली होती? रडली होती? सांगा! … नाही ना आठवत?

बायांनो, तोंडाला पदर लावून हसू नका! सून बघायला जाता तेव्हा आधी रंग कोण विचारतं? पुरुष विचारतात? तुम्हीच! स्वतः 'पण…' ऐकून रडलेल्या बाया, लेकाच्या वेळी तोच 'पण' दुसरीच्या पदरात टाकून येता!

आणि इथं येऊन बसता कुणासमोर? वळा, वळून बघा गाभाऱ्याकडं! विटेवर कोण उभा आहे तो? काळा आहे, काळा! गोरा असता तरच हात जोडले असते का? त्याला सावळा म्हणताना गळे दाटून येतात तुमचे. त्याच रंगाची लेक दारात बशी घेऊन उभी राहिली, की म्हणे — कळवतो!

म्हणा आता त्याचं नाव. पण आज डोळे मिटायचे नाहीत. नीट बघा त्याच्याकडं, आणि पसंत असेल तरच म्हणा!