डावीकडचा ब्रेक

आमच्या सुधाकरचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला खोटं वाटणार नाही. मांजरी गावच्या मैदानावर हौशी लोकांची ऑटोक्रॉस होती, म्हणजे प्लास्टिकच्या कोनांमधून गाडी पळवायची शर्यत. सुधाकरला बायकोच्या भावाला हरवायचंच होतं.

"नवी गाडी नेऊ, की शिकवणीची जुनी?"

मी म्हटलं, "जुनीच ने. हलकी आहे, झटकन वळते."

शेजारी वहिनी बसल्या. प्रत्येक वळणावर गाडी अडायची. एकदा तर चरायला आलेली म्हैस त्यांना ओव्हरटेक करून गेली. मेहुणा पहिला आला, सुधाकर शेवटचा.

मग त्याला आठवलं, शिकवणीच्या गाडीला डावीकडेही ब्रेक असतो.

"अगं, तू दाबत होतीस?"

वहिनी म्हणाल्या, "अहो, परवा भाऊबीज आहे."