रुमाल परत फेकणारा माणूस

हॅलो?… कोण, निशा?… नाय गं, कशाची बस आन कशाचं काय… अण्णा गेले बसमधून, एकटेच! मी हितंच राहिले, संभाजीनगरच्या स्टँडवर…

हो, हो… अगं ऐक ना. डॉक्टरला दाखवून आलो. पैठणच्या फलाटाला बस उभी, आन ही गर्दी! खिडकीत एक माणूस बसलेला. त्याला विचारलं, "पैठणच ना? पैठण?" आन अण्णांचा रुमाल टाकला सीटवर, जागा धरायला… व्हय, नेहमीसारखा. तर त्यानं उचलून बाहेर फेकला… रुमाल गं! परत टाकला, परत फेकला. भुवया वर, दात विचकतोय, जोरजोरात मान हलवतोय. तोंडातून शब्द नाय. जसं काय मी त्याच्या बापाचं खाल्लंय…

मग काय, माझं डोकंच फिरलं. वरडले. म्हणलं, माझ्या म्हाताऱ्या वडलांना जागा द्यायला जीव जातो का तुझा? बायांकडं बघून दात काढतो!… व्हय, म्हणले मी तसं. दोघांनी कॉलर धरून खाली वढला त्याला. एकानं कानाखालीबी दिली… मी अण्णांना त्याच्या जागेवर बसवलं, पाण्याची बाटली घ्यायला उतरले. वळून बघते तर बस गेटाबाहेर!

फोन? माझ्याच पिशवीत हाय त्यांचा… तू तुझ्या राजेंद्ररावांना पैठणच्या स्टँडवर उभं कर. बस आली की… थांब जरा, ह्या रसवंतीवाल्या मावशी कायतरी सांगतायत… काय म्हणता मावशी?… अहो पैठणची आत्ताच गेली ना… लासूर स्टेशन?… कोणती लासूरची?

निशा… ती पैठणची नव्हतीच गं. लासूरची व्हती. मी बोर्डच नाय वाचला. फलाट बघितला आन घुसले… कुठं पैठण, कुठं लासूर! कंडक्टरनं विचारलं तर काय सांगतील अण्णा? सकाळी डॉक्टरनं त्यांचं नाव विचारलं तर आईचं सांगितलं त्यांनी… कुणी उतरा म्हणलं की उतरतील गं. कुठंबी उतरतील…

कोण, तो माणूस? हाय की, रसवंतीपाशी उभाय. शर्ट फाटलाय. अजून तसंच तोंड करतोय माझ्याकडं… काय मावशी?… मुका?

अगं, मुका हाय तो. ऐकूबी येत नाय. ओठांवरनं बोलणं वळखतो म्हणे, मावशी म्हणतात रोजचाच हाय, लासूरचा… निशा, मी विचारलं ना त्याला, पैठण का म्हणून? तो नाय म्हणत व्हता गं. जीव तोडून नाय म्हणत व्हता! आन मी माणसं घातली त्याच्या अंगावर… देवा, काय केलं मी हे…

व्हय, चौकशीच्या खिडकीशीच आले आता. ते लासूरच्या कंडक्टरला फोन लावतायत, तो उचलतच नाय… अगं, हा मुका माझा हात धरून वढायला लागलाय! गेटाकडं… परत तसंच तोंड. रागावलाय का काय… माहीत नाय गं मला!… नको जाऊ कशाला? मघाशी माझ्या डोक्यानं चालले तर काय झालं बघितलं ना? रिक्षा थांबवली त्यानं. बसते मी… भाऊ, लासूरची बस गाठायचीय, पळवा!

हाय, हाय लाइनवर… शेजारी बसलाय. कान लाल झालाय त्याचा… माफी? कशी मागू? हात जोडले तर त्यानं खाली केले माझे हात, पुढं रस्त्याकडं बोट दाखवलं… नाय दिसत अजून बस. छावणी आली… निशा, अण्णांना काय झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू गं…

दिसली! ट्राफिकमधी हाय! घाला भाऊ, घाला पुढं… अगं, हा उडी मारून बसम्होरं उभा ऱ्हायला, हात पसरून! ड्रायव्हर शिव्या देतोय… थांबली. थांबली गं…

अण्णा! अण्णा, हिकडं!… हायेत, खिडकीतच हायेत… नाय गं, काय झालं नाय. हसतायत माझ्याकडं बघून. अण्णा, मी दीपमाला!… हसतायतच… काय?… वळखलं का म्हणतीस?

हसतायत गं… तसंच त्या मुक्याकडं बघून हसले, तसंच रिक्षावाल्याकडं… मला नाय कळत, निशा. माझ्याच बापाचं तोंड, आन मला नाय कळत… ठेव तू. चढते मी.