खो देणारा बसतो, घेणारा धावतो

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय डॉ. प्रभाताई, व्यासपीठावर विराजमान झालेले स्नेहबंध मंडळाचे ज्येष्ठ सल्लागार आदरणीय रामभाऊ, जिच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ती आपली क्षितिजा, पहिल्या रांगेत बसलेले तिचे आईवडील सुमनवहिनी आणि विश्वासराव, आणि शुक्रवारच्या सुट्टीची झोप सोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी दिनकर. इस्पितळात एक्स-रे काढतो आणि थंडीत मंडळाच्या खो-खो स्पर्धेत पंच असतो. माझं शिक्षण परंड्याजवळच्या खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. आमचे गुरुजी सांगायचे, मैदानात शिरताना मातीला हात लावून नमस्कार करायचा. देव देवळात असतो तसा इथंही असतो. इथं आखातात, अब्बासियाच्या वाळूलाही मी तसाच नमस्कार करतो. पोरं हसतात. हसू देत.

क्षितिजा परवा इथून दुसऱ्या देशी शिकायला निघाली आहे. कायद्याची पदवी आणि खेळाच्या प्रशासनाचं उच्च शिक्षण, दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला आहे. टाळ्या जरा राखून ठेवा, पुढे लागणार आहेत. खेळाचं प्रशासन म्हणजे संघ, स्पर्धा, संस्था नीट कशा चालवाव्यात याचं शास्त्र. हे ऐकून आपले रामभाऊ तिला म्हणाले होते, "म्हणजे मांडव घालणारी वकिलीण का गं तू?" तर ही म्हणाली, "हो काका. मांडव घालीन, आणि मांडवात भांडण झालं तर तेही सोडवीन."

पण मंडळी, गेल्या हिवाळ्यात ही गोष्ट इतकी सोपी नव्हती. विश्वासराव तेल कंपनीत इंजिनिअर, शब्दाचे पक्के. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. वकील हो, आनंदानं पाठवतो; खेळ सुट्टीच्या दिवशी. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं ते माझ्यासमोर म्हणाले होते. आणि वडिलांचं काय चुकलं? परमुलखात घाम गाळून मुलांना शिकवणारा बाप सरळ रस्ताच मागणार. अर्ज करण्याची मुदत संपत आली होती आणि घरात त्या विषयावर बोलणं बंद झालं होतं.

अशात आपली स्पर्धा आली. अर्दियाच्या गोदामातून रामभाऊंनी आणलेले लोखंडी पाइप खांब म्हणून रोवले, त्यांना गाद्या गुंडाळल्या. महिलांच्या उपांत्य सामन्यात क्षितिजाचा संघ नर्सताईंच्या संघाकडून हरला. स्वच्छ हरला, शिट्टी माझीच होती. नर्सताईंची कप्तान हफिजा, आपल्या खेडची. आज ड्युटीवरून गणवेशातच आली आहे, ती पाहा मागे उभी. अगं बस की!

दुसऱ्या दिवशी, अंतिम सामन्याआधी, तक्रार आली. आपल्या मंडळाचं सभासदत्व कुटुंबाच्या नावानं असतं, हे आपण जाणता. स्पर्धेत सभासद कुटुंबातल्यांनीच खेळायचं, हा नियम. एका वर्षी कुणीतरी बाहेरचे कसलेले गडी आणले होते, तेव्हा तो केला. आता हफिजा, तिच्या संघातली अदिबा आणि त्यांच्या मैत्रिणी राहतात नर्सच्या हॉस्टेलवर. कुटुंबं गावी. म्हणजे कागदोपत्री त्या सभासदच नव्हत्या! गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटायला त्या चालतात, संक्रांतीला तिळगुळाचे लाडू वळायला चालतात. पण त्या सभासद नाहीत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तक्रार केली होती योगिनीवहिनींनी, क्षितिजाच्याच संघातून. वहिनी, मान खाली घालू नका. आजच्या जेवणाचा सगळा बेत तुमचा आहे, तुमच्यावर कोण रागावणार?

आपली पद्धतही आपण जाणता. तंटा झाला की कार्यकारिणी तंबूत चहा घेते, "आपलीच माणसं आहेत" म्हणते, आणि चहा संपेपर्यंत निकाल लागतो. ज्यांच्याबद्दल निकाल, ती माणसं बाहेर उभी. मंडळाचे अध्यक्ष होते विश्वासराव, आणि पंच म्हणून मीही आत होतो. नर्सताई बाद, क्षितिजाचा संघ अंतिम सामन्यात, असं जवळजवळ ठरलं. तेवढ्यात कनात सारून क्षितिजा आत आली.

"बाबा, त्यांना कुणी विचारलं?"

विश्वासराव म्हणाले, "घरी बोलू."

"घरी तुम्ही बाबा आहात. इथे अध्यक्ष आहात. तक्रार अध्यक्षांपुढे आहे."

योगिनीवहिनी उसळल्या, "अगं ए, तू आमची कॅप्टन की त्यांची?"

"तुमचीच, काकू. म्हणून तर सांगते, आपण हरलोय."

मग तिनं हफिजाला आत बोलावलं आणि समोर बसवलं. म्हणाली, "नियम बाहेरचे गडी येऊ नयेत म्हणून केला. या बाहेरच्या आहेत का? यांची प्रवेशिका आपणच घेतली, सामने आपणच खेळवले. जिंकल्यावर नियम आठवला, धिस इज नॉट फेअर." हफिजाला विचारलं, तुमचं काय म्हणणं? ती बिचारी हळूच म्हणाली, "आमचं कुटुंब म्हणजे हॉस्टेलच्या या पोरी. दुसरं कुठून आणू, दिनकरभाई?"

ती माझ्याकडे का बघून बोलली, देव जाणे. मी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. तुम्ही दुसरं काय केलं असतं?

विश्वासरावांनी कप खाली ठेवला. मग उभे राहून म्हणाले, "तक्रार फेटाळली. खांब तपासा, सामना वेळेवर सुरू करा." आता वाजवा टाळ्या! त्या दिवशी ढाल नर्सताईंनी जिंकली, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती ती हरलेल्या संघाची कप्तान. पुढच्याच सभेत एकट्या राहणाऱ्यांना सभासदत्व देणारा ठराव झाला, सूचक होत्या योगिनीवहिनी.

पण मी जे पाहिलं ते वेगळंच. अंतिम सामना चालू असताना विश्वासराव रेषेजवळ लेकीशेजारी येऊन उभे राहिले. विचारलं, "त्या दोन्ही पदव्यांचं काय म्हणत होतीस? दोन्हीकडे तोंड करून कसं जमायचं माणसाला?"

तिनं मैदानाच्या मधोमध चौकोनांत बसलेल्या मुलींकडे बोट केलं. "बघा ना, बाबा. एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. तरी टीम एकच."

विश्वासराव हसले. मला वाटतं, तो अर्ज तिथंच मंजूर झाला. विद्यापीठानं नंतर नुसतं कळवलं.

मंडळी, कायदा काय किंवा खेळ काय, दोन्हीकडे शेवटी एकच विचारायचं असतं: समोरच्याला त्याची पाळी मिळाली का? ही पोर ते विचारायला निघाली आहे. सकाळी देवापुढे दिवा लावताना मी तिच्यासाठी एवढंच मागितलं, की हा प्रश्न विचारताना हिचा आवाज कधी बसू नये.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचा आणि मंडळाचा मी ऋणी आहे. पंच आहे, बोलण्याची सवय नाही. कुठं शब्द वाकडा गेला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. तरीही कुणाची तक्रार असेल तर जरूर करा, आता आपल्याकडे दोन्ही बाजू ऐकून निकाल लागतो.

एकच काम राहिलं. क्षितिजा, खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ करून बस. खो पाठीमागून द्यायचा असतो, पाठीला हात लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आणि नियम असा, की खो देणारा त्या जागी बसतो आणि घेणारा धावत सुटतो.

विश्वासराव, सुमनवहिनी, वर या. पहिला हात तुमचा. आवाज आम्ही सगळे देतो.

धन्यवाद.